मागच्या खोलीचं कुलूप

८ फेब्रुवारी

सौ. वन्सं यांस,

तुम्हीच म्हणाला होतात, "फोनवर बोललेलं माणूस नंतर नाकारतं, यापुढे जे काय ते लेखी." घ्या, लेखी. तसाही तीनदा फोन लावून पाहिला, बंद लागतो.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा चालू आहे आणि घरात अंगाची लाही लाही होतेय. स्वेटर अजून धुऊन ठेवायचेत. ते खुंटीवर लटकलेत आणि त्यांच्याकडे बघूनच घाम फुटतो. शाळेत गणवेश बदलायचा आदेश आलेला नाही, म्हणून पोरं लोकरीच्या कोटात बसलीत. मी प्रयोगशाळेत नळ्या-बाटल्या धुते, तर नळाला गरम पाणी. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, बर्नर चालू राहिला का बघा! कूलर घ्यायला गेले तर दुकानदार हसला. म्हणाला, माल एप्रिलमध्ये येतो. ऊन जसं त्याला विचारूनच येणार होतं.

आमचं एक वेळ सोडा. अप्पांचं वय एकोणऐंशी. वरच्या दोन खोल्या थेट स्लॅबखाली, तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी बारानंतर भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पंखा लावला की तीच गरम हवा तोंडावर येते, आणि वीज दुपारची दोन-दोन तास जाते. खाली पुढच्या बाजूला यांची इस्त्री. हॉस्पिटलच्या चादरी आणि कोट सकाळी सातपासून वाफेवर, तिथे माणूस कसा बसवायचा?

उरली मागची खोली. तिच्यावर दिवसभर शेजारच्या उंच भिंतीची सावली असते आणि खाली दगडी फरशी आहे. तिला तुमचं कुलूप आहे. सासूबाईंच्या वस्तू आत आहेत हे मला मान्य, वाटण्या होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही हेही मान्य. एकाही वस्तूला धक्का न लावता मध्ये एक खाट टाकते. अप्पांना तिथे झोपवते. उकाडा ओसरला की पुन्हा कुलूप. चावी तेवढी पाठवा.

तुमची,
वहिनी

*

१२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. यापुढे पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटाच्या मागे दिला आहे. आणि "सौ." वगैरे लिहायची गरज नाही, इथे एवढं कोणी बघत नाही. फोन सध्या बिघडला आहे.

चावीबद्दल. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी आठ दिवस तिथे होते. मी असताना, माझ्या डोळ्यांदेखत, आईचे सहा कपडे कामवालीच्या अंगावर गेले. तुम्ही म्हणालात, "तिला अडचण होती." मला अडचण असू शकते हे कोणाच्या मनात आलं नाही. म्हणून मी त्या खोलीला कुलूप लावलं. आईचं कपाट, शिवणयंत्र, तिची आरामखुर्ची. माझं म्हणावं असं त्या घरात तेवढंच आहे.

आता तुम्ही म्हणता खाट टाकते. खाटेमागून उशी येईल, उशीमागून थोरलीचं टेबल येईल, "दहावीचं वर्ष आहे हो वन्सं." मग मी आले की मलाच पाहुणीसारखं विचारावं लागेल, बसू का म्हणून. बोट दिलं की हात धरायची तुमची रीत मी ओळखून आहे.

फेब्रुवारीत कसला आलाय उकाडा? मी इथे दोन कोट घालून बसते. चार दिवस गरम होतं, मग निवतं. ओल्या चादरी खिडक्यांना लावा. अप्पा माझ्या लहानपणी भर उन्हात तिठ्यावर बसून कानस चालवायचे, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त सवय आहे.

त्यांना माझा नमस्कार सांगा.

*

१६ फेब्रुवारी

वन्सं,

उंटावर बसून शेळ्या हाकणं सोपं असतं. ओल्या चादरी! घरात इस्त्रीचा धंदा आहे, चादरींना तोटा नाही. सहा लावल्या आहेत. अर्ध्या तासात कडक वाळतात. टाकीचं पाणीच उकळतंय, त्यात भिजवून काय थंडावा मिळणार?

मी शाळेतून तापमापक आणला. सांगून आणला, चोरून नाही, हेही लेखी देते. अप्पांच्या खाटेशी दुपारी तीन वाजता एक्केचाळीस. यांच्या इस्त्रीपाशी चव्वेचाळीस. मग मी त्याला दोरी बांधली आणि तुमच्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून आत सरकवला. दहा मिनिटांनी ओढून काढला. तीस! एका दाराचा फरक, वन्सं. अकरा अंश.

धाकटीने हे अप्पांना सांगितलं. तेव्हापासून ते दुपारी धरून-धरून जिना उतरतात आणि त्या दारासमोर बोळात फरशीवर आडवे होतात, तोंड फटीकडे करून. परवा हॉस्पिटलचा माणूस कपडे न्यायला आला, तो ओरडलाच, म्हातारा पडला म्हणून. अप्पा म्हणाले, "पडलो नाही, हवा खातोय."

मी हातोडा घेऊन आले होते, तेही सांगते. लपवण्यासारखं काय आहे त्यात? तर अप्पा उठून दाराला पाठ लावून बसले. म्हणाले, "चाळीस वर्षं गावाची कुलपं उघडली. मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही उघडलं नाही. आता स्वतःच्या घरात चोरी करू?" मी म्हटलं, अहो, मुलगी आहे ती तुमची, मालक कसली! तर म्हणाले, "कुलूप तिचं, म्हणजे मालक तीच."

ते कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. त्यांना साध्या तारेने मिनिटभरात उघडता आलं असतं. नाही उघडत. तुमच्या एका शब्दासाठी माणूस फरशीवर लोळतोय. यांना म्हटलं, तुम्ही तरी बहिणीला दोन शब्द लिहा. तर म्हणे, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही." न पडायला यांना बरं जमतं.

चावी पाठवा.

वहिनी

*

१७ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी धाकटीकडून तिकीट मागून पाठवत आहे, तुझ्या वहिनीला ठाऊक नाही. अक्षर वाकडं येतंय, चालवून घे.

तिने तुला काहीबाही लिहिलं असेल. मनावर घेऊ नकोस. मी मजेत आहे. थोडं गरम होतं, पण भट्टीपुढे आयुष्य गेलेल्याला काय त्याचं? जेवण जातं. झोप लागते. दुपारी खाली बोळात जाऊन पडतो, तिथे छान वाटतं.

तुझ्या वहिनीचा जीव तुटतो, पण तोंड तिखट आहे. तिला दोष देऊ नकोस. मात्र तू मला मागच्या महिन्यात जे कळवलंस ते मी माझ्यापाशीच ठेवलं आहे. दादालाही बोललो नाही. तुला शब्द दिला आहे, तू स्वतः सांगेपर्यंत खोली उघडणार नाही. बापाच्या घरात तुझी एक जागा शाबूत आहे, एवढं धरून चाल.

ते कुलूप केलं तेव्हाची तू आठवतेस मला. शेजारी बसून कानशीचा कीस फुंकत होतीस. त्याची खोड सांगितली तेव्हा म्हणालीस, "अप्पा, चोर रडत बसेल." ती खोड अजून तुझ्या-माझ्यातच आहे. दादाला कधी कुलपांत रस नव्हता. त्याला वाफ आवडली.

थंडीत कानाला बांधून जात जा.

अप्पा

*

२१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या पत्रानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही मला. रजेचा अर्जसुद्धा लिहिला. मग अप्पांचं पत्र आलं. हो, त्यांनी मला स्वतंत्र लिहिलं आहे. मजेत आहेत, जेवतात, झोपतात. बोळात हौसेने जाऊन पडतात. उगाच साप साप म्हणून भुई धोपटणं कशासाठी चाललंय ते कळलं मला. अर्ज फाडून टाकला.

एक्केचाळीस! तापमापक तुमच्या हातात, आकडा तुमच्या तोंडात.

आणि हातोडा घेऊन दारापर्यंत गेलात हे वाचून तर खात्रीच पटली. ज्यांना नुसती खाट टाकायची असते ते हातोडा आणत नाहीत.

*

२५ फेब्रुवारी

वन्सं,

अप्पांचं पत्र! अहो, त्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी "दुखतंय" म्हटलंय का? सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा आलेल्या-गेलेल्याला "मी ठीक आहे" म्हणत होते. त्यांची लेक असून तुम्हाला एवढं कळत नाही? मी परकी, मला कळतं.

जेवण जातं म्हणे. गेले पाच दिवस पाण्यात मीठ-साखर घालून चमच्याने पाजतेय. जिना उतरवत नाही आता, दोघी मुली मिळून त्यांना खुर्चीत बसवून खाली नेतात. काल मला त्यांनी सासूबाईंच्या नावाने हाक मारली. मी "ओ" दिली. काय करणार?

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, थंड जागेत ठेवा. मी म्हटलं, जागा आहे, चावी नाही. ते माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागले. हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं तर तिथे व्हरांड्यातसुद्धा जागा नाही. चादरी धुवायला-इस्त्रीला येतात ना आमच्याकडे, दुप्पट येतायत, त्यावरून समजा. शेजारणीने तिची खालची खोली देऊ केली, तर अप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. "माझ्या घरात जागा असताना लोकांच्या दारात मरायला जाऊ?" हे त्यांचे शब्द.

आता खरं ऐका. तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. थोरलीचं टेबल माझ्या मनात आलं होतं. पहिल्या पत्राच्या वेळीच आलं होतं. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, आणि खाली एक खोली चार वर्षं कपाटाला राखून ठेवलीय. कोणाच्या मनात येणार नाही? आलं होतं. आज नाही. आज मला फक्त ते म्हातारं माणूस त्या दारापलीकडे न्यायचंय. टेबल ठेवलं तर माझे हात झडोत, लेखी देते.

पायावर डोकं ठेवू का? ठेवते. चावी पाठवा हो.

वहिनी

*

२८ फेब्रुवारी

वहिनी,

चावी याच पाकिटात आहे. कापडात गुंडाळून पाठवली आहे. सर्वांत लवकर पोचणाऱ्या टपालाने टाकते आहे, तीन दिवसांत मिळेल असं खिडकीवरचा म्हणाला.

तुम्ही टेबलाचं कबूल केलंत, म्हणून मीही सांगते. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तुमच्यापुढे कमीपणा घ्यायची सवय नाही मला.

डिसेंबरपासून मी घरी राहत नाही. म्हणजे, घर राहिलंच नाही. त्यांनी दुसरा संसार मांडलाय. मी ऑफिसातल्या एका बाईच्या बैठकीच्या खोलीत झोपते. सकाळी गादी गुंडाळून कोचामागे ठेवायची, ती माणसं उठायच्या आत. फोन त्यांच्या नावावर होता, तो त्यांनी बंद केला. म्हणून पत्ता ऑफिसचा, म्हणून "सौ." नको म्हटलं.

फक्त अप्पांना कळवलं होतं. लिहिलं होतं की मेमध्ये बदली मागून मी परत येते, मागच्या खोलीत राहीन, तोवर ती कोणाला उघडू देऊ नका. सगळीकडून दार बंद झालं तरी एक खोली आहे, तिची चावी माझ्या पर्समध्ये आहे, या एका गोष्टीवर मी हा हिवाळा काढला, वहिनी. ती चावी मी झोपताना उशीखाली ठेवत होते. तुमच्या पहिल्या पत्रात ती मागितलीत आणि मला वाटलं, हेही गेलं.

अप्पा का हटून बसले ते आता कळलं ना? मालक-बिलक सगळं खरंच, पण मी त्यांच्याकडून शब्द घेतला होता. माझ्यामुळे ते फरशीवर झोपले. हे वाचून माझ्यावर ओरडायचं तर ओरडा, मी ऐकून घेईन.

चावी अप्पांच्या हातात द्या. "चिमणीने उघडायला सांगितलंय" एवढं म्हणा, ते उघडतील. खाट आईच्या कपाटाच्या बाजूला लावा, तिथे जास्त गार असतं. टेबलही ठेवा हवं तर. मला एक कोपरा पुरेल.

*

४ मार्च

वन्सं,

काल संध्याकाळी अप्पा गेले. यांनी तुमच्या ऑफिसचा नंबर शोधून फोन केला होता, निरोप पोचला असेल. तुम्हाला यायला दोन दिवस लागले असते. एवढ्या उन्हात थांबता येईना, म्हणून काल रात्रीच उरकलं.

तुमचं पाकीट परवा दुपारी आलं. आता नीट वाचा, मी एकदाच लिहिणार आहे.

मी शाळेतून दीड वाजता आले. हे हॉस्पिटलचे गठ्ठे पोचवायला गेले होते. अप्पा त्या दारापाशी खुर्चीतून घसरून खाली आलेले. थोरली त्यांच्या तोंडावर पाणी मारत होती आणि रडत होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम नाही. बोलता येत नव्हतं, जीभ जड झाली होती. डोळे उघडे होते. गाडीला फोन केला तर म्हणाले, आधीचे नऊ पत्ते आहेत, तासभर धरून चाला.

तेवढ्यात धाकटी पाकीट घेऊन आली. मी फाडलं, चावी घेतली, पत्र तसंच फेकलं. अप्पांच्या कानाशी ओरडले, "चिमणीची चावी आली, अप्पा, उघडते." त्यांना कळलं, वन्सं. चेहरा बदलला त्यांचा.

आणि चावी लागली नाही. कुलपात गेली, पण फिरेना. मी फिरवली, दाबून फिरवली, तेल घातलं, पुन्हा फिरवली. वीस मिनिटं. अप्पा फरशीवरून माझ्याकडे बघत होते आणि उजवा हात उचलून हलवत होते, नको, नको. मनगट असं असं करत होते. मी म्हटलं, नको कसं अप्पा, आली आहे ना चावी! तरी हलवत होते. त्यांनाही कळलं होतं की चावी खोटी आहे. चाळीस वर्षं कुलपं केलेला माणूस, लांबून बघूनच ओळखलं त्यांनी.

शेवटी मी पक्कड लावून फिरवली. चावी मोडली. अर्धी कुलपात आहे, अर्धी माझ्यापाशी. मग हातोडा घेतला. अप्पांचं कुलूप हातोड्याला दाद देईल होय? कोयंडा वाकला, पण निघाला नाही. तोवर त्यांचा हात खाली पडला होता. गाडी सव्वातीनला आली. हॉस्पिटलात नेलं, पण ते पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत.

अर्धा तास आधी ते आत असते तर काय झालं असतं, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलंही नाही.

तुमचं पत्र रात्री घरी येऊन वाचलं. तुमचं जे झालं त्याचं वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. एवढं गोड पत्र लिहून भलतीच चावी पाठवणारी बाई मी पाहिली नव्हती. खरी उशीखालीच ठेवलीत ना? ठेवा. जन्मभर ठेवा. बापापेक्षा खोली मोठी झाली तुम्हाला.

यापुढे पत्र पाठवू नका.

*

८ मार्च

वहिनी,

पाठवू नका म्हणालात तरी हे एक वाचा. नंतर फाडा.

ते नको म्हणत नव्हते. ते कुलूप उलटं फिरतं.

अप्पांनी तसंच केलं होतं ते. सगळी कुलपं उजवीकडे उघडतात, हे डावीकडे, दोन फेरे. चोराला चावी सापडली तरी तो उजवीकडे फिरवत बसेल म्हणून. हीच त्याची खोड. मनगट डावीकडे फिरवून ते तुम्हाला दाखवत होते.

मी लिहिलं नाही. लिहावं असं मनातच आलं नाही, वहिनी. मला वाटलं, अप्पा आहेत ना, चावी त्यांच्याच हातात जाणार. त्यांनी लिहिलं होतं मजेत आहे. तुमच्या आकड्यांवर मी शेवटी विश्वास ठेवला, पण कुठेतरी त्यांच्या त्या पत्रावरही ठेवलाच. आपल्या बापाला बोलता येणार नाही असं कुठल्या मुलीच्या डोक्यात येतं? चार शब्दांचं काम होतं. "डावीकडे फिरवा, दोन फेरे." एवढं लांबलचक रडगाणं लिहिलं आणि हे चार शब्द राहिले.

चावी खरीच होती. आता तुम्ही विश्वास ठेवा अगर नका ठेवू.

मी मेमध्ये येणार नाही. कुठल्या तोंडाने येऊ? खोली उघडा, टेबल ठेवा, आईच्या वस्तू काय करायच्या ते करा. मालक म्हणून लेखी देते. उघडा.

*

१४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र परवा आलं. मी ते जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. किती वेळ बसले ठाऊक नाही, यांनी येऊन उठवलं. यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं. थोरल्या मुलालाही सांगितलं नव्हतं त्या माणसाने. यांनी माझ्या हातातून पत्र घेतलं, वाचलं, आणि इस्त्री बंद करून टाकली. अठरा वर्षांत भरदुपारी पहिल्यांदा.

काल बाजारातल्या कुलूपवाल्याला आणलं. अप्पांकडेच शिकलेला आहे. मोडका तुकडा काढायच्या आधी त्याने विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, मालक इथे नाही. तर हत्यारं पुन्हा पिशवीत ठेवायला लागला! तुमचं पत्र दाखवलं तेव्हा हात लावला. तुकडा निघाला, त्याने नवी चावी घासून दिली आणि बाजूला सरकला. म्हणाला, उघडा, बाई.

डावीकडे फिरवली, दोन फेरे. इतकं सहज उघडलं, वन्सं. धाकटीनेसुद्धा उघडलं असतं.

ऊन आता उतरलंय. ते गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात वारा सुटला, आणि लोक म्हणतात बरं झालं बाई, सुटलो. तापमापक शाळेला परत द्यायच्या आधी आत टांगून पाहिला. चोवीस. मी सासूबाईंच्या खुर्चीत बसले तर अंगावर काटा आला, थंडीने. तिथे बसूनच रडले मी. घरात दुसरीकडे जागाच नाही रडायला.

तुम्हाला जे बोलले ते परत घेत नाही, कारण परत घेऊन काही होत नाही. तुम्ही आकड्यावर विश्वास ठेवायला पंधरा दिवस लावलेत, तेही मी विसरणार नाही. पण तो हात मला दिसतो. नळ फिरवताना, डब्याचं झाकण फिरवताना दिसतो. माझा सासरा मला शेवटची गोष्ट शिकवत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते, की नको कसं. हे माझं मी भोगीन, तुम्ही त्यात वाटा मागू नका.

टेबल ठेवलेलं नाही. हात झडोत म्हटलं होतं, ते लेखी आहे. खाट लावली आहे, कपाटाच्या बाजूला, तुम्ही सांगितलं तिथे. अप्पांसाठी सांगितलं होतंत ते. आता तुमच्यासाठी. लोकांच्या कोचामागे गादी लपवायची गरज नाही, मेपर्यंत थांबायचीही नाही. मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि तुम्ही मला करावं असं म्हणत नाही. एका घरात राहायला ते लागतंच असं नाही. मी अठरा वर्षं राहिले.

नवी चावी पाठवत आहे. कशी फिरवायची ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण न लिहिण्याचं काय होतं ते आपण पाहिलं: डावीकडे, दोन फेरे.

वहिनी